खेळाच्या जागेत खाली काय टाकायचं? आधी उंची मोजा, मग रंग निवडा

ठाण्या-नवी मुंबईतल्या सोसायट्यांमध्ये मुलांच्या खेळाच्या जागेचं काम बहुतेक वेळा उलट्या क्रमाने होतं. आधी कॅटलॉग बघून घसरगुंडी-झोपाळ्यांचा सेट पसंत होतो. तो आणून उभा केला जातो. मग उरलेल्या पैशांत ‘खाली काहीतरी मऊ’ टाकायचं ठरतं आणि सभेत तासभर चर्चा होते ती हिरवा घ्यायचा की निळा यावर. ही जमीन किती उंचीवरून पडलेल्या मुलाला सांभाळणार आहे, हा प्रश्न कुणाच्या तोंडी येत नाही.

घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीत माझी भाची साडेचार फुटांच्या मंकी बारवरून खाली आली आणि मनगटाजवळचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. खाली हिरवीगार रबरी चटई होती, त्यामुळे ‘खाली तर मऊच आहे’ असं सगळे म्हणत होते. मी चटईचा कोपरा उचलून पाहिला. पाठीवर जाडी छापलेली होती, १२ मिमी, आणि तिच्याखाली थेट कोबा. अशा चटईने पाय घसरत नाही, गुडघा खरचटत नाही. पडणाऱ्या मुलाला मात्र तिचा काही उपयोग नाही.

पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. पहिले तीन टप्पे झाल्याशिवाय एकही कोटेशन मागवू नका.

## तयारी

तीस मीटरची टेप, सुतळी, खुंट्या, फक्की, लेव्हल ट्यूब (पातळी बघायची पाण्याची नळी), एक टोकदार सळई आणि वही एवढं जमवा. जागा पॉडियमवर, म्हणजे खालच्या पार्किंगच्या स्लॅबवर असेल तर बिल्डिंगची स्ट्रक्चरल ड्रॉइंग सोसायटीच्या कपाटातून शोधून काढा. मागच्या जुलै-ऑगस्टमधले त्या जागेचे फोटो कुणाच्या फोनमध्ये असतील तर तेही मागून घ्या. पाणी कुठे तुंबतं हे त्या फोटोंत जेवढं स्पष्ट दिसेल तेवढं डिसेंबरमधल्या कोरड्या जमिनीवर दिसणार नाही.

वेळेचंही आधीच ठरवा. आपल्याकडचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरात पडतो. खोदकाम, कोबा आणि रबर ही तिन्ही कामं दिवाळी ते होळी या काळात बसवा. ‘शाळा सुरू व्हायच्या आत उरकू’ म्हणून मे महिन्याच्या अखेरीस सुरू केलेलं काम पहिल्या पावसात सापडतं.

## टप्पा १ : प्रत्येक उपकरणाची पडण्याची उंची मोजा

मूल जास्तीत जास्त जिथून पडू शकतं ती उंची म्हणजे पडण्याची उंची. ती उपकरणागणिक वेगळी असते.

- घसरगुंडी किंवा मल्टिप्ले सेट (घसरगुंडी, जिना, जाळी एकत्र असलेला) : मूल ज्या फळीवर उभं राहतं तिथपासून जमिनीपर्यंत. वरच्या छपराची उंची धरायची नाही, पण मुलं कठड्यावर चढून बसू शकत असतील तर कठड्यापासून मोजा.
- मंकी बार आणि चढायच्या जाळ्या : सगळ्यात वरच्या दांड्यापासून. मुलं दांड्याला नुसती लोंबकळत नाहीत, दांड्यावर जाऊन बसतात.
- झोपाळा : साखळी वर जिथे अडकवलेली असते त्या आडव्या पाइपापासून. इथे हमखास चूक होते. सीट जमिनीपासून दीड फुटावर असते म्हणून ‘हा तर बुटकाच आहे’ असं वाटतं.
- सी-सॉ : एक टोक पूर्ण वर गेल्यावर त्या सीटची उंची.

पाच फुटांवरून पडलेलं मूल जमिनीवर टेकतं तेव्हा त्याचा वेग ताशी जवळपास २० किलोमीटर असतो. तो धक्का जमिनीने हळूहळू गिळला तर डोकं वाचतं. कोब्याने तो एका क्षणात परत फेकला तर वाचत नाही.

युरोपीय मानकांनुसार ६० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या स्थिर उपकरणाखाली धक्का शोषणारी खास जमीन सक्तीची नाही. झोपाळा, सी-सॉ, चक्री अशा मुलाला हलवणाऱ्या उपकरणांना ही सवलत नाही.

इथे थांबून तपासा : वहीत प्रत्येक उपकरणासमोर एक आकडा आला का? त्यातला सगळ्यात मोठा आकडा लाल पेनाने लिहा. पुढे दुकानदाराशी बोलताना सगळ्यात आधी हाच सांगायचा आहे.

एक गोष्ट मोकळेपणाने सांगते. जमिनीच्या चाचण्या मुख्यतः डोक्याची इजा टाळण्यासाठी बेतलेल्या आहेत. चांगल्या जमिनीवरही हात मोडू शकतो. हाताची हाडं वाचवायची तर उंचीच कमी करावी लागते. म्हणून सहा फुटांचा सेट आणि चार फुटांचा सेट यांत निवड करायची असेल तर मी डोळे मिटून चार फुटांचा घेईन. वाचलेले पैसे जमिनीत घालता येतात.

## टप्पा २ : पडण्याचा पट्टा फक्कीने आखा

मूल उपकरणाच्या नाकासमोर सरळ खाली पडत नाही. उडी मारतं, ढकललं जातं, झोक्यावरून सुटतं. म्हणून स्थिर उपकरणाच्या चारही बाजूंना किमान ६ फूट मोकळा पट्टा हवा आणि मऊ जमीन त्या पूर्ण पट्ट्यात हवी. उपकरणं शेजारी-शेजारी असतील आणि त्यांची उंची अडीच फुटांपेक्षा जास्त असेल तर दोघांमध्ये ९ फूट अंतर ठेवा.

झोपाळ्याचा हिशेब वेगळा आहे आणि सोसायट्यांचं गणित इथेच चुकतं. वरच्या पाइपाच्या उंचीच्या दुप्पट अंतर पुढे आणि तेवढंच मागे सोडायचं. पाइप ८ फुटांवर असेल तर पुढे १६ आणि मागे १६, म्हणजे लांबी ३२ फूट. रुंदीत चौकट १२ फुटांची धरली तर दोन्ही बाजूंचे सहा-सहा फूट मिळून २४. तुमच्या आर.जी.चा (सोसायटीच्या मोकळ्या, खेळासाठी राखलेल्या जागेचा) तुकडा ४० बाय ३० फुटांचा असेल तर एक जोड-झोपाळा जवळजवळ सगळी जागा खातो. उरलेल्या कोपऱ्यात मल्टिप्ले सेट कोंबला की झोक्यावरून सुटलेलं मूल त्याच्या पाइपावर आपटणार.

जागा कमी असेल तर दोनच मार्ग आहेत. बुटका झोपाळा घ्या : पाइप ६ फुटांवर आला की लांबी २४ फुटांवर येते. नाहीतर झोपाळा घेऊ नका. मुलं हिरमुसतील हे खरं, पण पाच फुटांवर कंपाउंडची भिंत असलेला झोपाळा मी पाहिला आहे आणि त्या भिंतीवर पायांचे ठसे होते.

आता फक्कीने आखलेल्या पट्ट्याच्या आतून एक फेरी मारा आणि काय काय लागतं ते लिहा : चेंबरचं झाकण, कर्बची दगडी कड, झाडाची वर आलेली मुळं, लाइटचा खांब, बाकडं, नळाची तोटी. यातलं काहीही पट्ट्यात राहता कामा नये. झाकण हलवता येत नसेल तर उपकरण सरकवा. झाकणावर रबर ओतून ते दडवू नका. तुंबलं की ड्रेनेजचा माणूस पहिल्यांदा तेच फोडणार.

इशारा : उपकरणाच्या पायांचे काँक्रीटचे गट्टू वर डोकावत असतील तर ते आधी खाली घ्या. वाळू-चिप्ससारख्या सुट्या भरावात गट्टूचा माथा खेळायच्या पातळीपासून ४० सेंटिमीटर खाली हवा, कारण वाळू सरकते आणि गट्टू उघडे पडतात.

## टप्पा ३ : जागा जमिनीवर आहे की पॉडियमवर?

या प्रश्नाच्या उत्तरावर निम्मे पर्याय आपोआप गळतात.

पॉडियम. खाली पार्किंग असेल तर वजन पाहा. ओल्या वाळूचा एक फुटाचा थर चौरस मीटरला सुमारे ६०० किलो भरतो, तर पाच सेंटिमीटर जाडीचं रबर साधारण ४० ते ५० किलो. स्लॅब ज्या वजनासाठी बांधला आहे त्यात आधीची माती आणि झाडं धरलेली आहेत का, हे ड्रॉइंगवर स्ट्रक्चरल इंजिनीअरने पाहून लेखी द्यायला हवं. ‘एवढ्याने काय होतंय’ हे कंत्राटदाराचं तोंडी आश्वासन चालणार नाही.

दुसरी गोष्ट वॉटरप्रूफिंग. उपकरणाचे पाय स्लॅबमध्ये ड्रिल करून अँकर बोल्टने बसवले की वॉटरप्रूफिंगला भोक पडतं आणि दोन पावसाळ्यांत खाली गाडीवर चुन्याचं पाणी टपकू लागतं. पाय धरायला स्लॅबच्या वर वेगळा काँक्रीटचा थर किंवा जड पाया करता येतो का, हे आधी ठरवा. पॉडियमवरचे पाणी जायचे सगळे आउटलेट शोधा आणि प्रत्येकावर उघडता येणारी जाळी राहील असं बघा.

जमीन. नवी मुंबईत खाडीकाठी भराव टाकून उभे राहिलेले सेक्टर आहेत. तिथली माती वर्षानुवर्षं थोडीथोडी बसत राहते. पेव्हर ब्लॉक लाटांसारखे झालेले दिसले तर समजा की त्यावर ओतलेलं अखंड रबर फाटणार. अशा जागी भक्कम पाया करा, नाहीतर सुटा भराव वापरा. जमीन बसली तर वाळू तिच्याबरोबर खाली जाते, वरून भर टाकली की झालं. येऊरच्या पायथ्याशी किंवा खारघरच्या डोंगराकडच्या बाजूला अडचण निराळी असते : वरून पाणी आणि गाळ वाहत येतो. खेळाच्या जागेच्या वरच्या अंगाला आडवा नाला काढल्याशिवाय तिथे काहीच टाकू नका.

इथे थांबून तपासा : एक फूट खोल खड्डा खणा आणि पाण्याने भरा. ते जिरलं की पुन्हा भरा आणि दुसऱ्यांदा किती वेळ लागतो ते पाहा. रात्रभर पाणी तसंच राहिलं तर ती जमीन आपणहून निचरा करणार नाही, खाली पाइप टाकावाच लागेल.

## टप्पा ४ : आता साहित्य निवडा

कोबा, पेव्हर ब्लॉक, शहाबादी, दाबलेला मुरूम. उपकरणाखाली हे नको. मुरूम ‘मातीच तर आहे’ म्हणून अनेकांना सुरक्षित वाटतो, पण धुमस मारलेला मुरूम उन्हाळ्यात दगडाइतका कडक होतो.

हिरवळ. दाट, ओलसर आणि मऊ माती असलेली हिरवळ १ मीटरपर्यंतच्या उंचीला युरोपात चालवून घेतात. अमेरिकी ग्राहक सुरक्षा आयोगाची मार्गदर्शिका मात्र गवत आणि माती संरक्षक धरतच नाही. आपल्या हवेत मी दुसरं मत मानते. झोपाळ्याखालचं लॉन काही आठवड्यांत झडून खळगी पडते. पावसात तिथे चिखल, मे महिन्यात ढेकूळ. पळापळीच्या मोकळ्या जागेत लॉन जरूर ठेवा, उपकरणाखाली नको.

कृत्रिम गवत. दिसायला छान आणि फसायला सगळ्यात सोपं. पातं ३५ मिमी असलं तरी धक्का ते शोषत नाही, खाली घातलेला शॉक पॅड शोषतो. कोब्यावर थेट अंथरलेलं कृत्रिम गवत म्हणजे हिरवा कोबा. दुपारच्या उन्हात ते चांगलंच तापतं, सावली नसेल तर एप्रिल-मेमध्ये मुलं पाय ठेवू शकत नाहीत.

वाळू. बालवाडीच्या वयाच्या मुलांसाठी, बुटक्या उपकरणांखाली, जमिनीवरच्या जागेत मला वाळू अजूनही आवडते. मुलांना खेळायलाही तीच हवी असते. अमेरिकी मार्गदर्शिकेप्रमाणे दबून ९ इंच राहिलेली वाळू ४ फुटांपर्यंतचं पडणं सांभाळते. युरोपीय मानक तिला जास्त उंचीसाठी मान्यता देतं, पण ते ०.२ ते २ मिमी दाण्याच्या, गाळ-चिकणमाती नसलेल्या वाळूबद्दल बोलतं. आपल्या दारात येणाऱ्या ट्रकमध्ये तशी वाळू असेलच याची खात्री नाही. म्हणून ४ फुटांचाच आकडा धरा.

क्रशरची वाळू घेऊ नका. ती काळा दगड फोडून केलेली असते, दाणे टोकदार, बारीक भुकटी भरपूर; काँक्रीटमध्ये घट्ट बसावी म्हणूनच ती तशी असते. खेळाच्या जागेतही ती तशीच घट्ट बसते. खाडीची रेती घेतली तर तिच्यातलं मीठ उपकरणांचे पाय गंजवतं. गोल दाण्याची, धुतलेली, चाळलेली वाळू मागा आणि ट्रक रिकामा करण्याआधी मूठभर ओली करून दाबा. गोळा तसाच राहिला आणि तळहात मातकट झाला तर गाळ आहे, ट्रक परत पाठवा.

वाळूचे दोष दोन. मांजरं-कुत्री घाण करतात आणि त्यातून जंत होतात, त्यामुळे रात्री जाळी किंवा ताडपत्री घालणारा माणूस हवा. आणि वाळूवरून व्हीलचेअर जात नाही. तुमच्याकडे चाकाच्या खुर्चीवरचं मूल असेल तर निदान एक वाट आणि एक उपकरण रबरावर ठेवा.

गोल खडे. तीन वर्षांखालची मुलं असतील तर अजिबात नको, ती तोंडात घालतात. मोठी मुलं फेकतात.

लाकडी चिप्स, नारळाच्या सोडणाचे तुकडे. धक्का चांगला शोषतात, पण आपल्या चार महिन्यांच्या पावसात कुजतात, बुरशी येते, वाळवी लागते. दर वर्षी भर टाकायची तयारी असेल तरच घ्या.

रबर टाइल्स. तयार मिळतात, एक खराब झाली तर तेवढीच बदलता येते. जिममध्ये वापरतात त्या १५-२० मिमीच्या टाइल्स खेळाच्या जागेत खपवल्या जातात, त्यांपासून सावध राहा. दुसरी अडचण सांध्यांची. एका सोसायटीत ऑगस्टमध्ये मी कडेची टाइल उचकटायला लावली. खाली काळं पाणी, कुजका वास आणि चिकट गाळ. पायाला उतार नव्हता, पाणी सांध्यांतून आत गेलं आणि तिथेच राहिलं. गोंद सुटला होता, कोपरे वर वळले होते आणि मुलं त्यांना अडखळून पडत होती.

जागेवर ओतलेलं रबर. खाली काळ्या रबरी कणांचा जाड थर, वर रंगीत ईपीडीएमचा (एक कृत्रिम रबर) १०-१५ मिमीचा थर. सांधे नाहीत, पाणी आरपार जातं, चाकाची खुर्ची चालते. महाग आहे आणि काम करणाऱ्यांवर फार अवलंबून आहे. पॉडियमवर ४ फुटांपेक्षा उंच उपकरणं असतील तर माझ्या मते हाच पर्याय.

सुटे टायरचे तुकडे. त्यांत तारेचे अवशेष राहतात आणि हे तुकडे पेटतात. दिवाळीत खालच्या आवारात फटाके वाजतात अशा ठिकाणी तर नकोच.

## टप्पा ५ : कोटेशन मागवताना चार ओळी लेखी घ्या

रबराच्या बाबतीत ‘५० मिमी म्हणजे भरपूर’ असं म्हणून चालत नाही. तीच जाडी, पण कण वेगळे, गोंद कमी-जास्त, दाब वेगळा, की निकाल बदलतो. विचारायचा शब्द आहे ‘क्रिटिकल फॉल हाइट’. ज्या उंचीपर्यंत पडल्यावर डोक्याला बसणाऱ्या धक्क्याचं माप, म्हणजे एचआयसी, १००० च्या आत राहतं ती ही उंची. युरोपात यासाठी ईएन ११७७ आणि अमेरिकेत एएसटीएम एफ १२९२ ही मानकं आहेत; दोन्हींत धक्क्याची तीव्रता २०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या २०० पट) पेक्षा जास्त नको अशीही अट आहे.

१. तुमच्या वहीतल्या लाल आकड्याइतकी किंवा जास्त क्रिटिकल फॉल हाइट, आणि तिचं प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र.
२. प्रमाणपत्रावरची जाडी आणि तुम्हाला दिली जाणारी जाडी एकच. सत्तर मिमीचं प्रमाणपत्र दाखवून चाळीस मिमी बसवणं ही नेहमीची चलाखी आहे.
३. कुठल्या उपकरणाखाली किती जाडी, याचा नकाशा. सगळीकडे सारखी जाडी लागत नाही. पायवाटेवर पातळ आणि मंकी बारखाली जाड करून पैसे वाचवता येतात.
४. पाया कोण करणार आणि त्याला उतार किती देणार.

शक्य असेल तर शेवटचा हप्ता जागेवरच्या चाचणीवर बांधा. संवेदक बसवलेला डोक्याच्या आकाराचा गोळा त्या उंचीवरून सोडून माप घेतात. ते जमणार नसेल तर निदान जाडी तपासण्याचा हक्क करारात लिहून घ्या.

वाळूचा हिशेब ब्रासमध्ये करा (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). जागा २० बाय १६ फूट, थर १२ इंच : ३२० घनफूट, म्हणजे ३.२ ब्रास. बारा इंच टाकलेली दबून नऊवर येते, म्हणून ‘नऊ इंच हवी’ असं सांगून नऊच टाकून घेऊ नका.

## टप्पा ६ : पाया आणि पाणी

वाळूसाठी क्रम असा : उपकरणाचे पाय आधी गाडा. मग साधारण १६ इंच खोल खोदा. तळाला एका बाजूला उतार द्या. चार इंच खडीचा थर, त्यात भोकाचा पाइप, पाइपचं तोंड जवळच्या गटारात. खडीवर जिओटेक्स्टाईलचं कापड (पाणी जाऊ देतं, वाळू अडवतं). कापडावर वाळू. कापड वगळलं तर वाळू खडीत झिरपते आणि खडे वर येतात. कडेला कर्ब हवाच, पण तो पडण्याच्या पट्ट्याच्या बाहेर आणि धार गोल केलेला.

रबरासाठी कोब्याला मीटरला किमान एक सेंटिमीटर उतार द्या आणि लेव्हल ट्यूब लावून स्वतः बघा. त्यावर बादलीभर पाणी ओता. अर्ध्या तासाने रुपयाच्या नाण्याची कड बुडेल एवढं डबकं कुठे उरलं तर ती जागा खडूने आखून दुरुस्त करून घ्या. नवा कोबा २८ दिवस सुकू द्या.

इथे थांबून तपासा : दोन फूट चौकोनी प्लास्टिक कोब्यावर चारही कडांनी टेप लावून रात्रभर ठेवा. सकाळी खाली दव दिसलं किंवा कोबा काळपट झाला तर अजून ओल आहे. रबर टाकू नका.

जुन्या पेव्हर ब्लॉकवर रबर ओतायला कंत्राटदार तयार होतो, कारण तोडफोड वाचते. तुम्ही तयार होऊ नका. एक ब्लॉक हलला की वर तीच रेघ फाटते.

## टप्पा ७ : काम चालू असताना समोर उभं राहा

निदान समितीतला एक जण पूर्ण दिवस तिथे हवा. ओतायच्या रबराचा गोंद हवेतल्या ओलाव्याने पक्का होतो, पण त्यावर थेट पाणी पडलं की फेसाळतो आणि कण सुटतात. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यांवरून कुंड्यांचं पाणी, एसीचं पाणी खाली येऊ नये म्हणून आदल्या रात्री ग्रुपवर कळवा. बारीक वाटेल, पण गॅलरीतून पडलेल्या पाण्याने झालेले डाग नंतर कुणालाच काढता येत नाहीत.

खिळ्यावर पक्क्या शाईने हव्या त्या जाडीची खूण करून ठेवा आणि थर ओला असताना दर दोन मीटरवर टोचा. कमी भरली तर तेव्हाच सांगा. काळा थर टाकल्यावर एकदा आणि रंगीत थर टाकल्यावर एकदा. सगळ्यात पातळ थर नेमका कडेला आणि उपकरणाच्या पायाजवळ सापडतो, म्हणजे मुलं जिथे पडतात तिथेच.

पूर्ण सुकेपर्यंत जागेला दोरी बांधून वॉचमनला सांगून ठेवा. मुलं थांबत नाहीत.

## टप्पा ८ : उघडण्याआधी आणि नंतर

वाळूत सळई खुपसून खोली मोजा : घसरगुंडीच्या पायथ्याशी, झोपाळ्याखाली, जिन्याशेजारी. उपकरणाच्या पायावर ऑइल पेंटने वाळूच्या पातळीची रेघ मारा. रेघेखाली दोन बोटं पाइप दिसू लागला की भर टाकायची वेळ झाली, हे माळ्यालाही कळतं. आठवड्यातून दोनदा दंताळ्याने खालची वाळू वर करा. मुसळधार पावसानंतर ती घट्ट बसते, तेव्हा आधी फावड्याने खणूनच मोकळी करावी लागते.

दुपारी दोन वाजता रबरावर हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवा. ठेवता आला नाही तर त्या वेळेपुरतं मैदान बंद ठेवा, सावलीचं कापड लावा. निवडीची मुभा अजून असेल तर फिकट रंग घ्या, गडद निळा-काळा नको.

पावसाळ्यात रबरावर शेवाळ धरतं. ताठ ब्रश आणि साबणाचं पाणी पुरतं. जिने धुण्यासाठी ऑफिसात ठेवलेलं ॲसिड किंवा डाग काढायला रॉकेल वापरलं तर गोंदच विरघळतो. सफाईवाल्या मावशींना हे एकदा नीट समजावून सांगा. त्यांना कुणी सांगत नाही आणि मग बोल त्यांनाच लागतो.

आपल्याकडची एक खास भीती सणांची. गणपतीचा मांडव घालायला हीच सपाट जागा दिसते आणि डेकोरेटर बांबू रोवायला रबरात भोकं पाडतो. गरब्याला स्पीकरचे स्टँड, दिवाळीत भुईचक्र, होळीला शेणी-लाकडं. खेळाची जागा यातल्या कशालाही द्यायची नाही, असा ठराव सर्वसाधारण सभेत एकदाच करून घ्या. दर वर्षी नव्याने भांडण नको.

जुन्या जागेत वरच्या हिशेबाने जमीन कमी पडत असेल आणि पैसे लगेच नसतील तर जमिनीची वाट बघत उपकरण चालू ठेवू नका. उंच मंकी बारचे दांडे काढून ठेवता येतात, जिन्याच्या तोंडाशी फळी बोल्टने बसवता येते. झोपाळ्याची सीट साखळीसकट काढून ऑफिसात ठेवा. साखळीला गाठ मारून वर बांधली तर मुलं संध्याकाळपर्यंत ती सोडवतात, आणि न सुटलेल्या गाठीत मान अडकू शकते.